शनिवारचे गॅरेज : गवतकाप्या इंजिनाची सायकल



गेल्या दोन महिन्यांत आपल्या मंडळातल्या तीन घरांतून आम्हाला एकाच विषयावर फोन आले. पहिला एका आईचा. "शेजाऱ्याने टाकून दिलेलं स्ट्रिमर उचलून आमचा मुलगा घरी आलाय. सायकलला लावणार म्हणतो. तुम्ही केमिस्ट्रीवाले ना, त्याला जरा समजवा, ते फुटतं म्हणावं." दुसरा एका वडिलांचा. त्यांना मुलाचे कौतुक वाटत होते आणि सुटे भाग कुठे स्वस्त मिळतात एवढेच विचारायचे होते. तिसरा फोन खुद्द एका चिरंजिवांचा, वय वर्षे पंधरा. त्याची सुरुवातच अशी होती, "काका, घरी सांगू नका, पण..."

तिघांना तीन उत्तरे देण्यापेक्षा या अंकातले आमचे पान त्यालाच द्यावे असे ठरवले. आम्ही म्हणजे शनिवारच्या गॅरेजात जमणारे चार पालक आणि पाच मुले. लेखणी तेवढी रसायनवाल्याच्या हातात असते. आईला पहिले उत्तर हे की यंत्र आपण होऊन फुटत नाही. धोका आहे, पण तो दुसरीकडे आहे. आणि मुलाला ते जरूर करू द्यावे. मात्र मुले ज्या क्रमाने करायला जातात तो क्रम बदलावा लागतो. मुले आधी इंजिन बसवतात, मग पळवून बघतात, आणि ब्रेकची आठवण त्यांना पहिल्या उतारावर होते. आमच्या गॅरेजात ब्रेक आधी, इंजिन नंतर आणि सार्वजनिक रस्ता मुळीच नाही, असा नियम आहे. तिन्हींची कारणे पुढे देत आहोत.

कल्पना जुनी आहे

नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी सांगतो. हिरवळीवर ढकलत न्यायचे ते लॉनमोअर. कुंपणाच्या कडेचे गवत नायलॉनची दोरी गरगर फिरवून छाटणारे, हातात धरायचे यंत्र ते स्ट्रिमर. पेट्रोलवर चालणाऱ्या स्ट्रिमरचे इंजिन साधारण २५ ते ३० सीसीचे असते आणि एका हाताने सहज उचलता येते. हिवाळा संपला की अशी कितीतरी यंत्रे "चालू होत नाही" म्हणून टाकून दिली जातात. बहुतेकांचे दुखणे एवढेच असते की टाकीत राहिलेले जुने पेट्रोल आत चिकटून बसलेले असते.

असले छोटे इंजिन सायकलला लावणारा आपला मुलगा पहिला नव्हे. १९४६ साली युद्धाने पोळलेल्या जपानमध्ये, हामामात्सु शहरात, सोइचिरो होंडा यांच्या हाती लष्करी वायरलेस संचांना वीज पुरवणारी छोटी इंजिने आली. लढाई संपल्याने ती पडून होती. होंडांनी ती सायकलींना बसवून विकायला सुरुवात केली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून चक्क अंथरुणात शेकायला घेतात ती गरम पाण्याची बाटली लावली होती, आणि ती सायकल गावात चालवून पाहिली त्यांच्या पत्नी साची यांनी. ती सुमारे ५०० इंजिने संपल्यावर होंडांनी स्वतःचे इंजिन केले, ते १९४७ चे ए-टाइप. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे.

फ्रान्समध्ये त्याच सुमारास, १९४६ मध्ये, पुढच्या चाकावर रूळ टेकवून चालणारी सोलेक्स बाजारात आली आणि लाखोंनी खपली. इंग्लंडात १९५० साली सायकलमास्टर आले. संपूर्ण मागचे चाकच बदलायचे, इंजिन चाकाच्या पोटात. रेकॉर्डी काढणारी ईएमआय कंपनी ते हीथ्रोशेजारच्या हेजमध्ये बनवत असे. त्याचे पहिले इंजिन २५.७ सीसीचे होते. म्हणजे आपल्या मुलाने कचऱ्यातून उचललेल्या इंजिनाएवढेच! त्या काळात इथले कामगार त्यावर बसून कारखान्यात जात.

आणि आपल्याकडे? १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ५० सीसीची लूना काढली. स्टँडवर लावून पॅडल मारायचे, फटफट सुरू झाली की निघायचे, चढावर दम लागला की पुन्हा पॅडल मारून तिला मदत करायची. आपल्यापैकी अनेकांच्या घरातली पहिली इंजिनवाली गाडी तीच होती. मंडळात विचारून पाहा, शिकवणीला, बँकेत, दवाखान्यात लूनावरून गेलेल्या मावश्या आणि आत्या निम्म्या तरी निघतील. २०२४ मध्ये ती विजेवर चालणारी होऊन परतली आहे. तेव्हा मुलाने हा विषय काढला तर "असले उद्योग आपल्याकडे कोणी करत नाही" असे कृपा करून म्हणू नका.

सात माणसांचे पाय

आता थोडे गणित. मुलांना आम्ही हे आधी वहीत करायला लावतो आणि मगच पाना हातात देतो.

साधा धडधाकट माणूस तासभर न थांबता पॅडल मारतो तेव्हा साधारण १०० वॅट शक्ती लावतो. स्ट्रिमरचे २५ सीसीचे इंजिन सुमारे ७०० ते ७५० वॅट देते, म्हणजे जवळजवळ एक अश्वशक्ती. हे छोटे दिसणारे इंजिन म्हणजे कॅरिअरवर बसून एकदम पॅडल मारणारी सात माणसे! ज्या सायकलचा सांगाडा, चाके आणि ब्रेक एका माणसासाठी केलेले आहेत, तिच्यावर आपण सात जण चढवतो आहोत. एवढे लक्षात आले की पुढची निम्मी बडबड करावी लागत नाही.

मग ही शक्ती जाते कुठे? सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने जायला सरळ बसलेल्या स्वाराला सुमारे १०० वॅट पुरतात. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ४० करायचा तर लागतात साडेपाचशेच्या वर. हवा आडवी येते आणि तिच्याशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. म्हणून शहाण्याने या इंजिनाकडून वेग मागू नये, चढावर साथ मागावी. चढावर मात्र हे छोटेसे यंत्र फार गुणी आहे.

उलटा डायनॅमो

इंजिनाची शक्ती चाकापर्यंत न्यायच्या दोन सोप्या रीती आहेत. एक साखळीची. तिला मागच्या चाकावर वेगळे दातेरी चक्र बसवावे लागते आणि मधे वेग कमी करणारी गिअरची पेटी लागते. दुसरी रुळाची. लोखंडी रूळ थेट टायरवर टेकवायचा, तो फिरला की टायर फिरते. आम्ही दुसरी घेतली, कारण ती समजायला सोपी, आणि काही बिनसले तर रूळ उचलला की सायकल पुन्हा साधी सायकल होते.

आपल्या पिढीला हे समजावून सांगायची गरजच नाही. सायकलच्या दिव्याचा डायनॅमो आठवा. त्याचे छोटे डोके टायरला टेकले की चाक त्याला फिरवायचे आणि दिवा लागायचा. इथे तेच उलटे. डोके फिरते आणि ते चाकाला फिरवते. डायनॅमो लावला की सायकल जड व्हायची, पावसात डोके घसरायचे आणि दिवा मिचमिच करायचा, हेही आठवत असेल. रुळाचे गुणदोष तेच आहेत. ओल्या टायरवर तो घसरतो, आणि टायर लवकर झिजवतो.

रुळाची जाडी हा सगळ्या कामाचा कळीचा आकडा. आमच्या रुळाचा व्यास २५ मिलिमीटर. म्हणजे त्याच्या एका फेऱ्यात सायकल ७.८५ सेंटिमीटर पुढे जाते. इंजिन मिनिटाला ७,००० फेरे मारू लागले की मिनिटाला ५५० मीटर, म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. मुलांना हवा होता बीएमएक्स सायकलीच्या चाकाला लावतात तो ३८ मिलिमीटरचा पेग, कारण तो तयार मिळतो आणि दिसतो झकास. त्यांनाच हिशोब करायला सांगितला. उत्तर आले ताशी ५०. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पेग बाजूला ठेवला गेला, आम्हाला काही बोलावे लागले नाही.

एक गंमत मुलांनीच शोधली. या हिशोबात चाकाचा आकार कुठेच येत नाही. चाक २० इंची असो की २६ इंची, टायरचा पृष्ठभाग रुळाच्याच वेगाने सरकतो. पटत नसेल त्यांनी रात्री जेवणानंतर कागद घेऊन बसावे.

बांधणीचे थोडक्यात सांगतो. स्ट्रिमरची लांब दांडी काढून टाकायची, पण इंजिनाच्या तोंडाशी असलेला क्लच तसाच ठेवायचा. हा क्लच फार हुशार असतो. इंजिन हळू फिरत असताना तो सुटा राहतो. मिनिटाला सुमारे ४,००० फेरे झाले की त्याचे वजनदार तुकडे बाहेर फेकले जाऊन वाटीला धरतात आणि शक्ती पुढे जाते. क्लचच्या वाटीला एक आस जोडायचा, आसावर रूळ, आणि आसाच्या दोन्ही टोकांना बेअरिंग. रूळ एका बाजूने लटकता ठेवला तर आस वाकतो. हे सगळे जाड लोखंडी पट्टीच्या चौकटीत बसवून चौकट मागच्या चाकावर बिजागरीने लावायची. स्प्रिंगने ती टायरवर दाबली जाते आणि हातातल्या दांड्याने उचलली जाते.

इंजिन डाव्या बाजूला यावे की उजव्या, हे त्याच्या फिरण्याच्या दिशेवरून ठरते. रूळ चाकाच्या उलट दिशेने फिरायला हवा. खात्री नसेल तर क्लचच्या वाटीवर खडूची खूण करावी, स्पार्क प्लग काढावा आणि दोरी हळूच ओढून पाहावी. बाजू चुकली तर सात माणसे मागे पॅडल मारतात!

स्ट्रिमरच्या इंजिनाचे दोन गुण इथे कामी येतात. त्याच्या कार्बोरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट नसतो, लवचिक पडदा असतो, त्यामुळे ते तिरपे बसवले तरी चालते. आणि त्याला थंड ठेवणारा पंखा त्याच्याच चक्रावर असतो, त्यामुळे सायकल हळू चालली तरी ते तापून बसत नाही. मात्र एका ठिकाणी उभे असताना याने सायकल हलत नाही. आधी आपल्या पायांनी वेग घ्यायचा, मग रूळ टेकवायचा. लूनावाल्यांना हे सांगायला नको.

ब्रेक आधी

आता मुख्य गोष्ट. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरा. ताशी १५ किलोमीटरला या ऐवजात साधारण ७८० जूल गतिज ऊर्जा असते. ताशी ३० ला ३,१०० च्या वर. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. ही सारी ऊर्जा थांबताना चार रबरी तुकड्यांनी उष्णता करून घालवायची असते.

म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी आम्ही पाचही मुलांना आपापली नेहमीची सायकल आणायला सांगितले, तीच जी घेऊन ती रोज शाळेत जातात. मंडळातल्या एका कुटुंबाच्या ओळखीचे शेतकरी आहेत. त्यांच्या फाटकाआडच्या काँक्रीटच्या अंगणात खडूची रेघ मारली. ताशी २० ने पॅडल मारत यायचे, रेघेवर दोन्ही ब्रेक दाबायचे, आणि जिथे थांबाल तिथपर्यंत टेपने मोजायचे. ज्या सायकलचे ब्रेक ठीक होते ती ५ मीटरमध्ये थांबली. तिच्याच रिमवर बादलीभर पाणी ओतून पुन्हा पाहिले, तर ११ मीटर लागले. उरलेल्या चारांपैकी तीन सायकलींना कोरड्यातही ९ मीटरच्या वर लागले. एकीची मागची ब्रेकची तार आत गंजून आवळली होती, ब्रेक दाबला तरी रबर रिमपर्यंत पोचत नव्हते. ती सायकल दोन वर्षे रोज सकाळी एका मोठ्या चौकातून जात होती.

या सगळ्या खटाटोपातून दुसरे काही निघाले नसते तरी एवढ्यासाठी तो सार्थकी लागला असे आम्हाला वाटते. इंजिनाच्या आशेने मुले ब्रेकपाशी आली. "ब्रेक तपास" म्हणून सांगितले असते तर कोण आले असते?

इंजिन लावायच्या सायकलसाठी आमची यादी अशी. रिम ॲल्युमिनिअमची, कारण चकचकीत लोखंडी रिमवर पाणी पडले की ब्रेक जवळजवळ नुसते फिरतात. पुढे-मागे नवे रबर आणि नव्या तारा. थ्रॉटल सोडताच आपोआप मिटला पाहिजे, आणि तो हँडल पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे वळवून तपासायचा. इंजिन बंद करायचे बटण अंगठ्याखाली. थ्रॉटलला अडसर म्हणून एक बोल्ट, म्हणजे सपाटीवर मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या, अर्थात ताशी २४ किलोमीटरच्या, आसपास थांबेल. एवढ्या फेऱ्यांनी सगळे नट ढिले होतात, म्हणून नायलॉनचे अस्तर असलेले नट वापरायचे आणि प्रत्येक फेरीआधी पान्याने तपासायचे. सायलेन्सरला जाळी, म्हणजे पोटरी भाजणार नाही. डोक्यावर मोटारसायकलचे हेल्मेट, हातात मोजे, कानाला आवाजरोधक.

पेट्रोलचे रसायन

इथे आमचा हक्काचा विषय येतो, तेव्हा जरा सविस्तर.

"ते फुटतं" ही आईची भीती इंजिनाबद्दल चुकीची असली तरी पेट्रोलबद्दल रास्त आहे. द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि ती शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी सुटते. म्हणजे इथल्या कडाक्याच्या थंडीतही निर्धास्त राहू नये. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवरून पाण्यासारखी पसरते. इथल्या अनेक घरांत गॅरेजातच बॉयलर असतो, नाहीतर आपला पुरणपोळ्या आणि मटाराचा मोठा फ्रीझर. दोन्हींत ठिणगी किंवा ज्योत असू शकते. म्हणून पेट्रोल ओतायचे ते बाहेर, उघड्यावर, इंजिन थंड असताना. साठवायचे ते पेट्रोलसाठीच केलेल्या डब्यात, दुधाच्या बाटलीत नव्हे. इथल्या कायद्याने प्लॅस्टिकचा डबा १० लिटरपर्यंतचा आणि लोखंडी २० लिटरपर्यंतचा चालतो, आणि घरी एकूण ३० लिटरपर्यंत ठेवता येते. आपल्याला तर एक लिटरही पुष्कळ.

दुसरे, बंद गॅरेजात इंजिन एक मिनिटही चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखू लागले की "धुराने दुखतंय" म्हणून मुले सोडून देतात. खरे तर तीच धोक्याची घंटा असते.

तिसरे, या इंजिनाला वेगळे तेल नसते. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. बहुतेक नव्या यंत्रांना ५० ला १, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर. काही जुन्यांना २५ ला १, म्हणजे ४०. यंत्रावर लिहिलेले असेल तेच खरे. तेल विसरले तर इंजिन थोड्याच वेळात जाम होते.

चौथे, सप्टेंबर २०२१ पासून इथले साधे पेट्रोल ई१० झाले आहे, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी पुरेसे साठले की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो. तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतली नळी तळाशी असल्याने इंजिनाला मिळतो तो बिनतेलाचा थर. जुन्या यंत्रातले रबरी पडदेही इथेनॉलने खराब होतात. तेव्हा ई५, म्हणजे सुपर म्हणून मिळते ते, ताजे घ्यावे, थोडेच मिसळावे, आणि काम झाले की टाकी रिकामी करावी. टाकून दिलेले स्ट्रिमर सुरू का होत नाही, याचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

रस्ता मुळीच नाही

आता ज्या वडिलांना सुटे भाग हवे होते त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

विजेवरच्या सायकलींना या देशात सवलत आहे. मोटर २५० वॅटपर्यंत, मदत ताशी १५.५ मैलांपर्यंत, पॅडल चालू असले पाहिजेत आणि चालवणारा १४ वर्षे पूर्ण झालेला. मग परवाना लागत नाही, विमा लागत नाही. पेट्रोल इंजिनाला ही सवलत नाही, मग ते कितीही छोटे असो. सायकलला स्ट्रिमरचे इंजिन लावले की कायद्याच्या दृष्टीने ते मोटर वाहन झाले. रस्त्यावर आणायचे तर तांत्रिक मंजुरी, नोंदणी, नंबरप्लेट, विमा, हेल्मेट आणि परवाना सगळे लागते, आणि मोपेडचा परवाना १६ वर्षांच्या आत मिळत नाही. घरी जोडलेल्या सायकलला ही मंजुरी मिळवणे जवळजवळ अशक्य समजावे.

"फक्त गल्लीच्या टोकापर्यंत" हे उत्तर पोलिसांपुढे चालत नाही. फूटपाथ, बाग, कालव्याकाठची पायवाट, सुपरमार्केटची गाड्या लावायची जागा ही सगळी सार्वजनिक ठिकाणेच. विम्याशिवाय वाहन चालवल्याबद्दल ठरीव दंड ३०० पौंड आणि परवान्यावर ६ गुण, शिवाय वाहन जप्त. न मिळालेल्या परवान्यावरही हे गुण नोंदले जातात आणि पुढे गाडीचा विमा काढताना घराला भोवतात. याहून गंभीर म्हणजे, या सायकलने कोणी जखमी झाले तर भरपाई द्यायला मागे विमा कंपनी नसते. राहते ते घर आणि घरचे.

तेव्हा जागा खासगी, मालकाची परवानगी असलेली आणि फाटक बंद होणारी हवी. आमच्या शेतकऱ्यांच्या अंगणाच्या अटी दोन : आधी फोन करायचा, आणि मेंढ्या आत असताना यायचे नाही. दोन्ही आम्ही निमूट पाळतो.

"काका, घरी सांगू नका"

तिसऱ्या फोनचे काय झाले, हे विचाराल. त्या चिरंजिवांना आम्ही सांगितले की घरी सांगावेच लागेल, पण तू एकटा सांगू नकोस, आम्ही बरोबर येतो. आम्ही दोघे जण गेलो. चहा झाला. वडिलांचे म्हणणे स्पष्ट होते. आपण या देशात आलो ते शिक्षणाच्या बळावर, आणि दहावीच्या बरोबरीची परीक्षा तोंडावर असताना मुलाने तेलकट हात करून बसावे हे त्यांना पसंत नव्हते. म्हणाले, "इंजिनिअर व्हायचं तर मार्क मिळव म्हणावं, पाने काय फिरवतोस."

त्यांची काळजी आम्हाला कळते. परक्या देशात पाय रोवताना ज्या पदवीने हात दिला तिच्यावर विश्वास बसणारच. आमच्याही भिंतीवर एक आहे. पण त्या पदवीच्या कामात आमचा निम्मा दिवस पंप गळतो कुठून ते शोधण्यात आणि नट आवळण्यात जातो, हे आम्ही त्यांना सांगितले. शिवाय एक साधा प्रश्न विचारला. मुलाकडे इंजिन आहे, सायकल आहे आणि मित्र आहेत. आपण नाही म्हटले तर तो हे करणार नाही, की आपल्या नजरेआड करेल?

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मुलाला विचारले, "ब्रेकचं काय केलंयस?" मुलाकडे उत्तर नव्हते. आमच्या मते त्या घरात खरी सुरुवात त्या प्रश्नाने झाली.

पुढच्या शनिवारी ते मुलाबरोबर आले आणि टेपचे दुसरे टोक त्यांनीच धरले. चौथ्या शनिवारी चौकटीच्या भोकांना कानस मारताना आम्हाला कळले की लहानपणी सांगलीला मामांच्या सायकलच्या दुकानात त्यांनी चार उन्हाळे काढले आहेत. हे मुलाला पंधरा वर्षांत कधी कळले नव्हते. चाकाच्या तारा बोटाने वाजवून कुठली ढिली ते ते आवाजावरून सांगतात. आता गॅरेजात चाक सरळ करायचे काम त्यांच्याकडे आहे आणि पाचही मुले त्यांच्याभोवती असतात. परीक्षेपर्यंत शनिवारचे फक्त दोन तास, हे बापलेकांनी आपसात ठरवले आहे.

सायकल चालते का? चालते. आवाज भयंकर, धूर बेताचा, अंगणाच्या चढावर पायांना काहीच काम नाही. शाळेत मात्र ती जाणार नाही, हे सगळ्यांना मान्य आहे. शाळेत जाते ती त्याची जुनीच सायकल, नव्या तारांची.

सूचना

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी १० वाजता गॅरेजात सर्वांसाठी सायकल तपासणी ठेवली आहे. इंजिन असण्याची अट नाही. मुलींनी आणि आयांनीही आपापल्या सायकली आणाव्यात. ब्रेकचे रबर आणि तारा मूळ किमतीत मिळतील, बसवायला मुले शिकवतील. जुने कपडे घालून यावे. चहा आमचा, खाणे ज्याने त्याने आणावे. मागच्या वेळचा भाकरवडीचा स्टीलचा डबा अजून फळीवर आहे. भाकरवड्या संपल्या आहेत, डबा ज्यांचा असेल त्यांनी न्यावा.

पुढील अंकात : इथल्या जड पाण्याच्या चहावर तवंग का येतो आणि केटलच्या तळाशी काय साठते. प्रश्न पाठवत राहावे.